गल्लीचा दोर

वाचणाऱ्यानं आधी मला माफ करावं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मी अजून अंदाजानंच लिहिते, आणि अक्षर तर ओल्या अंगणातून कोंबडी चालून गेल्यासारखं येतं. वही मुलीची आहे. ती लग्न होऊन कुरुंदवाडला गेली आणि वहीची मागची पानं कोरीच राहिली. मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी लिहायला बसलं की समोर कुणीतरी बसलंय असं वाटतं आणि पदर सारखा करावासा वाटतो.

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. कपडे वाळत नाहीत, चुलीवरच्या दोरीवर टाकले की त्यांना धुराचा वास लागतो. माचिस पेटत नाही. आज सकाळी दूध घालायला आलेला माणूस, समोरची शिवणकाम करणारी बाई आणि कोपऱ्यावरचा किराणावाला, तिघांनी एकच विचारलं, "पाणी कुठंवर आलं?" श्रावणात आमच्या कोल्हापुरात तब्येतीची चौकशी नंतर होते, आधी पंचगंगेची होते.

आणि मग सगळे पाणी बघायला जातात. बाहेरगावच्या माणसाला हे खोटं वाटेल. पूर आला की आमच्याकडे लोक घरात बसत नाहीत, नवी छत्री काढतात, लेकरांना खांद्यावर घेतात आणि नदीकडे चालत जातात. तिथे कणसं भाजणारे बसलेले असतात, भज्यांच्या कढया चढलेल्या असतात. पाणी तांबडंलाल, फुगलेलं, एखाद्या मोठ्या जनावरासारखं श्वास घेत असतं. त्याच्यावरून उसाच्या मोळ्या, छपराचे पत्रे, कुणाचा तरी पाट वाहत जातो. मी लहानपणापासून हे बघत आले. भीती वाटावी तिथे आम्हाला आधी नवल वाटतं.

त्या एका पावसाळ्यापर्यंत मला वाटायचं, नवल करायचं ते पाण्याचं.

त्या वर्षी ज्येष्ठात, उन्हानं फरशी तापलेली असताना, आमच्या गल्लीतल्या शाळेत आपत्तीचं शिक्षण सुरू झालं. सरकारी खात्यातले एक सर यायचे. बारीक अंगाचे, शांत. रोज दुपारी चारला. तालमीतली पोरं, बचत गटातल्या बायका आणि ज्यांना घरात फार उकडत होतं असे म्हातारे, असे सगळे जमायचे. मी शेवटच्या खांबामागे बसायची. मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणी बाईंनी कविता म्हणायला उभं केलं की माझा घसा आवळायचा, तसा आजही आवळतो. भाकरीच्या ऑर्डरी घेतानाही मी बोटांनी आकडा दाखवते.

सरांनी पहिल्याच दिवशी पिशवीतून रबराचा एक माणूस काढला. त्याला डोकं होतं, छाती होती, हातपाय नव्हते. बायकांनी तोंडाला पदर लावले. गल्लीच्या टोकाला, नाल्याकडेच्या शेवटच्या घरात आक्काताई राहतात. तीन म्हशी आहेत त्यांच्या, आणि आवाज असा की सांगायची सोय नाही. त्या म्हणाल्या, "ह्येला पायच न्हाईत की ओ सर. बरं झालं, पळून तरी जाणार न्हाई." सगळी शाळा हसली. त्या दिवसापासून त्या रबराच्या माणसाचं नाव गणपा पडलं.

सर म्हणाले, माणूस निपचित पडला तर आधी खांदा थोपटायचा आणि मोठ्यानं नावानं हाक मारायची. नावानं, कारण बेशुद्ध माणसालाही स्वतःचं नाव खोल कुठंतरी ऐकू येतं.

मागून एक सून म्हणाली, "आणि नवरा पडला असला तर?"

"तर त्यांचं नाव घ्यायचं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्या गल्लीत अजून नवऱ्याचं नाव कुणी घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतो तेवढंच, आणि नंतर कुणाच्या बारशाला आग्रह झाला तर. एरवी 'अहो'. शाळेत मुलांच्या फॉर्मवरसुद्धा मी नाव लिहून दाखवायची, उच्चारायची नाही.

"अहो म्हटलं तर चालंल का?" तिनं विचारलं.

"न चालायला काय झालं," आक्काताई म्हणाल्या, "तू अहो म्हण, गल्लीतली समदी बापयमाणसं उठून बसतील!"

माझी पाळी आली तेव्हा मी गणपासमोर गुडघे टेकले. तोंडातून आवाजच फुटेना. सर म्हणाले, राहू द्या ताई, हात तर ठेवा. मी हात ठेवले. कोपर ताठ, वजन खांद्यातून, एक, दोन, तीन. आतून टक् टक् असा आवाज यायला लागला. सर म्हणाले, हा आवाज म्हणजे दाब बरोबर बसतोय. मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरले नाही. म्हणाले, ताई, हृदय थांबलं तरी माणूस लगेच जात नाही. तो थोडा वेळ उंबऱ्यावर उभा असतो. तेवढा वेळ त्याचं हृदय तुमच्या हातांनी चालवायचं.

मी घरी येऊन हात बघितले. तव्यानं पोळलेले, नखांत पीठ. आयुष्यभर हे हात भाकरी थापत आले. दुसऱ्याचं हृदय ह्यांनी चालवता येतं, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री मी ह्यांच्या छातीवर हळूच हात ठेवला. हे फौंड्रीतून दमून आलेले, झोपेत म्हणाले, "काय शोधतीस?" मी म्हटलं, काय न्हाई. खरं तर मी ऐकत होते. आत कुणी न सांगता, न थकता चाललं होतं.

मग उचलायची पाळी आली. तालमीचा बाळू पैलवान आम्हा सगळ्यांत जड. सर म्हणाले, तुम्ही बेशुद्ध पडा. बाळूनं कान चोळले.

"सर, आजवर मैदानात पाठ टेकवली न्हाई. तुमच्यासाठी टेकवू व्हय?"

"मग कुशीवर पडा."

"कुशीवर चालतंय," म्हणून तो पडला. घोंगडं त्याच्या खाली सरकवलं, चौघींनी चार कोपरे धरले आणि उचललं. कोपरे हातातून निसटले, पैलवान फरशीवर, आणि म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. सरांनी मग दाखवलं. कोपरे धरायचे नाहीत. दोन्ही काठ माणसाच्या अंगाला चिकटेपर्यंत गुंडाळायचे, आणि ती गुंडाळी सहा जणींनी धरायची. एक जण 'उचला' म्हणेल तेव्हाच सगळ्यांनी. आम्ही गुंडाळलं, धरलं, उचललं. बाळू पैलवान जमिनीवरून वर आला. कुणालाच ओझं वाटलं नाही. सहा जणी एकमेकींकडे बघत राहिलो. बाळू घोंगड्यातून म्हणाला, "वैनी, आता खाली ठेवू नका, असंच घरला सोडा."

हाक मारणं मात्र मला जमलं नाही ते नाहीच. शेवटी सरांनी आपल्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "आवाज नसेल तर नसू दे. तीन लांब शिट्ट्या म्हणजे धोका. गल्लीला सांगून ठेवू." मी वाजवली. फिस्स झालं. आक्काताई म्हणाल्या, "सुमे, कुकर झाला गं तुझा!" तेव्हापासून पोरं मला कुकरवैनी म्हणायला लागली. मी हसले. पण ती शिट्टी पदराच्या टोकाला बांधून ठेवली.

दोराचं त्याच पंधरवड्यात झालं. सरांनी गल्ली पावलांनी मोजली. शाळेच्या दगडी खांबापासून आक्काताईंच्या दारापर्यंत पुरेल एवढा लांब दोर पाहिजे, म्हणाले. खात्याकडून मिळालेला दोर नदीकडच्या टोकाला लागणार होता. दुसऱ्यासाठी पैसे नव्हते. बचत गट साठलेले पैसे वाटून नुकताच मोकळा झाला होता. रोख पैसा गल्लीत एकाच घरात असतो, आक्काताईंच्या, दुधाचा. त्या देतील असं कुणालाच वाटलं नाही. पण त्या म्हणाल्या, "देते. सुमीच्या शब्दावर देते. ती बोलत न्हाई म्हंजे खोटं बी बोलत न्हाई. महिन्याच्या महिन्याला ये, भाकरीच्या पैशातनं दे." मग माझ्याकडे वळून, "आणि ऐक, मला कशाला दोर लागतोय? माझ्या उंबऱ्याला आजवर पाणी शिवल्यालं न्हाई. नदी तिकडं, मी हिकडं."

आम्हा सगळ्यांचं डोकं त्याच दिशेला होतं. नदी तिकडं. शिकलो, सवरलो, दोर आणला, घोंगडी गोळा केली, आणि सगळं मनात नदीकडे तोंड करून. आमच्या पाठीमागून नाला जातो, हे कुणी विसरलं नव्हतं. पण नाल्याकडे कोण बघायला जातं? त्याला कणसंवाला बसत नाही.

तो दिवस आठवला की मला अजून आधी वास येतो. गाळाचा, ओल्या पोत्याचा, आणि शाळेत आलेल्या नदीकाठच्या माणसांसाठी शिजत असलेल्या भाताचा. दुपारचे बारा वाजून गेले असतील. प्रत्येक घरात शाळेसाठी काहीतरी शिजत होतं. दोन्ही दोर घेऊन आमची माणसं नदीकडच्या टोकाला उभी होती. निम्मं शहर तिथे पाणी बघायला लोटलेलं. आक्काताईही गेल्या होत्या. आबा, म्हणजे त्यांचे मालक, लकव्यानं खाटेला खिळलेले. त्यांना चार घास भरवून, दाराला कडी लावून गेल्या. "आत्ता येते," म्हणून.

मी भाकऱ्या थापत होते. हात धुवायला मोरीशी गेले. मोरीच्या भोकातून बुडबुडा आला. मग दुसरा. मग काळं पाणी हळूच वर आलं, आणि फरशीवर पसरलं. आवाज नाही, घाई नाही. सांडलेलं दूध पसरावं तसं. मी मागचं दार उघडलं. नाला भिंतीच्या वर आला होता. आणि तो उलटा वाहत होता. नदीला द्यायचं पाणी नदीनंच परत पाठवलं होतं, आमच्या पाठीमागून.

मी रस्त्यावर आले. पदराची गाठ सोडली. तीन लांब शिट्ट्या मारल्या. छातीत श्वासच नव्हता, फिस्स, फिस्स, फिस्स. वरच्या मजल्यावरून कुणीतरी सुनेला ओरडलं, "अगं, तीन झाल्या, ग्यास बंद कर!"

तेव्हा मला कळलं आमचं काय चुकलं ते. सगळं शिक्षण दुपारी चारला झालं होतं. चारला आमच्या गल्लीत एकही कुकर लागलेला नसतो.

मी पळत सुटले. गल्ली लांब आहे हे त्या दिवशी समजलं. नदीकडच्या टोकाला माणसांची भिंत होती, छत्र्यांची, आणि पलीकडे पाण्याचा घोंघाट. हे पुढे होते, खांद्यावर आमच्या दोराचं वेटोळं, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, "अहो." कुणी वळलं नाही. पुन्हा म्हटलं, "अहो!" एक दोन अनोळखी माणसांनी मागं बघितलं आणि परत पाण्याकडे वळले. आणि मला आबांची खाट दिसत होती. चार पायांवर केवढी उंच असते खाट?

खांदा थोपटायचा आणि नावानं हाक मारायची. नावानं.

"तानाजीऽऽ!"

तो आवाज माझा होता हे मला पटायला वेळ लागला. "तानाजीऽऽ! तानाजी पाटीऽऽल!"

आमच्या गल्लीतली सगळी माणसं एकदम वळली. पुराकडे पाठ करून. बायकांचे हात तोंडावर गेले. हे तर असे बघत होते की जणू मी पाण्यातून वर आले आहे. सुमन नवऱ्याचं नाव घेते आणि तेही रस्त्यात, म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

"नाल्याकडनं पाणी आलंय," मी म्हटलं. "आबा एकटं हायत."

आक्काताईंच्या हातात अर्धं खाल्लेलं कणीस होतं. ते खाली पडलं.

पुढचं मी पुष्कळदा आठवून बघते, आणि दर वेळी मला ते आपल्या गल्लीचं वाटतच नाही. रोज नळावर एकमेकींच्या घागरी सरकवणारी, कचऱ्यावरून आठ दिवस न बोलणारी माणसं. एकानंही विचारलं नाही की मी काय करू. दोर शाळेच्या दगडी खांबाला पडला. विजेच्या खांबाला नाही, हे सरांनी सांगितलेलं कुणी आठवण करून न देता. दुसरं टोक बाळूच्या कमरेला. दोर धरायला पोरं ओळीनं बसली, पाय रोवून. घोंगडं आलं. आम्ही सहा जणी दोर धरून पाण्यात शिरलो, पाणी मांडीला लागत होतं आणि पायाखालची गल्ली ओढून नेत होतं. आक्काताई मागून ओरडत होत्या, "माझ्या म्हशी! अगं माझ्या म्हशी बांधल्यात!"

बाळूनं मागं न बघता सांगितलं, "आक्का, आधी आबा."

आणि आक्काताई गप्प झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

खाटेच्या नवारीला पाणी लागलं होतं. आबा वर बघत होते. ओरडले नव्हते, त्यांना ओरडता येत नव्हतंच. माझ्यासारखंच. मी त्यांचा खांदा थोपटला आणि म्हटलं, "आबा, आम्ही आलोय." त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं. घोंगडं सरकवलं, काठ गुंडाळले, सहा जणींनी धरलं, बाळू म्हणाला 'उचला'. आबा उचलले गेले. हलके, पिसासारखे. शाळेत एक पैलवान उचलायला शिकलो होतो, त्यापुढे आबांचं वजन काय.

परत येताना मी एकदाच मागं बघितलं. ह्यांनी म्हशींची दावी सोडली होती. तिन्ही म्हशी पाण्यात उतरल्या, पोटापर्यंत बुडालेल्या, नाकपुड्या आणि शिंगं वर, आणि कुणी न हाकता शाळेकडे निघाल्या. त्यांच्यामागे दोराला धरून आमची माणसं. एका ओळीत. कोण कुणाचा हात धरून होतं ते कळत नव्हतं. मी एवढी वर्षं पुराकडे बघत आले, पण असं काही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी म्हशी शाळेच्या मैदानात उभ्या होत्या. आक्काताईंनी धारा काढल्या आणि शाळेतल्या लेकरांना पेला पेला दूध दिलं. मापटं न लावता.

पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढताना, हे फावडं टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "परत एकदा घे की."

"काय?"

"नाव."

मी गाळाची पाटी उचलून बाहेर गेले. अजूनही घेतलेलं नाही. गरज पडली तर घेईन.

सर नंतर एकदा आले. त्यांना कुकरचं सांगितलं तर डोक्याला हात लावून बसले. मग वहीत लिहून घेतलं. आता आमच्याकडे धोक्याला तालमीतली मोठी थाळी वाजते, आणि एक दोर कायम नाल्याच्या बाजूला असतो. सरांनीच मला पुढच्या गल्लीतल्या बायकांना शिकवायला नेलं. मी खांबामागून बाहेर आले, गणपासमोर गुडघे टेकले आणि त्याला हाक मारली. आवाज अजून बारीकच आहे. पण बायका ऐकत होत्या. हात ठेवल्यावर आतून टक् टक् आलं की त्यांचेही चेहरे माझे झाले होते तसे झाले. मला वाटतं, देवळात जाऊन आल्यावरही माणसाचा चेहरा इतका बदलत नाही.

आबा पुढच्या संक्रांतीला गेले. अंथरुणात, कोरड्या घरात, आक्काताईंच्या मांडीवर डोकं ठेवून. आम्ही सगळे होतो. मी मनात म्हटलं, ह्या मरणासाठी आपण सहा जणी त्या दिवशी पाण्यात शिरलो होतो. असं मरण मिळवून देणं हेही वाचवणंच असावं.

दोराचे पैसे मात्र फिटले नव्हते. पुरानंतर माझं पीठ गेलं, चूल गेली, काही महिने भाकरी थापणंच बंद. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आता कसले पैसे, तिच्याच नवऱ्याला आणला की आपण. मी आक्काताईंकडे गेले आणि कसंबसं म्हटलं, थोडं थांबा. त्या शेण गोळा करत होत्या. म्हणाल्या, "थांबते. पण सोडणार न्हाई. समदं घेणार."

मला जरा लागलं. त्यांना ते दिसलं असावं. हात झटकत त्या उभ्या राहिल्या. "सुमे, नीट ऐक. पैसं सोडलं तर दोर माझा हुतोय. मग उद्या मी म्हशीला बांधीन न्हाईतर कुणाच्या दारात तोरा मिरवीन. आबांना आणलं ते माझ्या दोरानं न्हवं. कळलं का?"

मला त्या वेळी अर्धंच कळलं होतं.

काल दुपारी पावसात शेवटचे पैसे घेऊन गेले. आक्काताईंनी ओला हात लुगड्याला पुसला, नोटा दोनदा मोजल्या, एक फाटकी निघाली ती बदलून मागितली. मी घरी जाऊन दुसरी आणली. मग त्यांनी पैसे कपाळाला लावले आणि फळीवर आबांच्या फोटोशेजारी ठेवले.

"फिटलं," त्या म्हणाल्या. "सगळं. आता गल्लीचा दोर."

बाहेर नाला भिंतीच्या एक वीत खाली वाहत होता. दोर तालमीच्या नाल्याकडच्या भिंतीला, खुंटीवर, वेटोळं करून टांगलेला. आक्काताई मला सोडायला तिथवर आल्या, आणि आम्ही दोघींनी त्याला हात लावून बघितला, कोरडा आहे ना म्हणून.